रोहितांच्या पाण्याखालची गावे

१/४
केडगावहून रेल्वेने भिगवणला जावे आणि नावेतून रोहित पक्षी पाहावेत, ही आता परिसरातील नेहमीची हिवाळी सहल आहे. मात्र ही पाणथळ निसर्गाने घडवलेली नाही.

२/४
भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याखाली अनेक गावे गेली, गावकरी विस्थापित झाले. पळसदेवचे प्राचीन मंदिरही बुडाले. उथळ काठांवर पक्ष्यांना मात्र मुबलक खाद्य मिळाले.

३/४
या पाण्याचा शहराशीही संबंध आहे. पुण्याचे सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. तेच पाणी पुढे उजनीत साठते.

४/४
उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे मंदिर उघडे पडते. पक्षी पाहणाऱ्यांनी तेही पाहावे. जेथे आज नाव चालते, तेथे एके काळी कुणाची तरी शेते होती.