शेजारधर्माची कसोटी : ग्रीस आणि तुर्कस्तान

ग्रीसमधील थेसालोनिकी या बंदरात तुर्कस्तानच्या वकिलातीला लागून एक जुने तिमजली घर उभे आहे. आधुनिक तुर्कस्तानचे शिल्पकार मुस्तफा केमाल अतातुर्क यांचा जन्म १८८१ साली या घरात झाला, असे मानले जाते. त्या काळी थेसालोनिकी हे ऑटोमन साम्राज्यातील एक गजबजलेले शहर होते; १९१२ च्या बाल्कन युद्धात ते ग्रीसच्या ताब्यात आले. आता दुसरी बाजू पाहावी. आधुनिक ग्रीसचे थोर मुत्सद्दी एलेफ्थेरिओस वेनिझेलोस १८६४ साली क्रीट बेटात जन्मले, आणि क्रीटवर तेव्हा सुलतानाचा अंमल होता. तुर्कांच्या राष्ट्रपित्याचे जन्मस्थान आज ग्रीसमध्ये आहे, आणि ग्रीकांच्या या राष्ट्रपुरुषाने पहिला श्वास घेतला तो तुर्की साम्राज्यात. या दोन राष्ट्रांचे जीवन एकमेकांत किती गुंतलेले आहे, हे कळण्यास एवढे पुरे व्हावे.

ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाला १८२१ साली तोंड लागले आणि पुढील दशकात स्वतंत्र ग्रीक राज्य अस्तित्वात आले. तथापि लक्षावधी ग्रीक लोक त्यानंतरही सुलतानाच्याच मुलखात राहत होते. त्यांना एका छत्राखाली आणण्याचे स्वप्न ग्रीसने शंभर वर्षे उराशी बाळगले. पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य पराभूत झाले, तेव्हा ते स्वप्न हाताशी आल्यासारखे वाटले. १५ मे १९१९ रोजी ग्रीक फौजा स्मर्ना बंदरात उतरल्या. त्यांना तेथे धाडण्याचे धोरण वेनिझेलोस यांचे होते, आणि त्यांना थोपविण्यासाठी अनातोलियात जो प्रतिकार उभा राहिला, त्याचे नेतृत्व केमाल यांच्याकडे होते. १९२१ साली साकार्या नदीच्या काठी ग्रीकांची आगेकूच अडली; पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांची फळी कोसळली. ९ सप्टेंबर १९२२ रोजी तुर्की सैन्य स्मर्नात शिरले, आणि चारच दिवसांनी शहराला आग लागली. पाठीशी ज्वाला आणि पुढे समुद्र अशा स्थितीत हजारो माणसे धक्क्यावर अडकून पडली. स्मर्ना म्हणजे आजचे इझ्मिर.

या युद्धाचा हिशेब लोझान येथे मिटविण्यात आला. ३० जानेवारी १९२३ रोजी दोन्ही राष्ट्रांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. तुर्कस्तानातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांनी ग्रीसमध्ये आणि ग्रीसमधील मुसलमानांनी तुर्कस्तानात जावे, असे ठरले. हे जाणे ऐच्छिक नव्हते. ते सक्तीचे होते. इस्तंबूलमधील ग्रीक आणि पश्चिम थ्रेसमधील मुसलमान एवढे यातून वगळण्यात आले. युद्धात आधीच पळून आलेल्यांसह सुमारे बारा लाख लोक ग्रीसच्या पदरी पडले. तिकडून साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तुर्कस्तानात गेले. पन्नास-पंचावन्न लाख वस्तीच्या गरीब ग्रीसला हा भार किती जड झाला असेल, याची कल्पना करता येते.

माणसाचे राष्ट्र कोणते हे ठरविताना या कराराने भाषा विचारात घेतली नाही. धर्म तेवढा पाहिला. अनातोलियाच्या अंतर्भागातील कित्येक ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या तुर्कीच बोलत होते. ती तुर्की ते ग्रीक लिपीत लिहीत. त्यांना ग्रीसमध्ये ‘परत’ पाठविण्यात आले. क्रीटमधील बहुसंख्य मुसलमानांची मायबोली ग्रीक होती. त्यांना तुर्कस्तानात उतरविण्यात आले. नव्या देशातील शेजाऱ्यांची बोली त्यांना समजेना, आणि शेजाऱ्यांनाही ते आपले वाटेनात.

पुढे जगात या कराराचा पुष्कळ गवगवा झाला. हिंदुस्थानच्या फाळणीचा विचार करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ग्रीस, तुर्कस्तान व बल्गेरिया यांच्यातील अदलाबदलीचा दाखला दिला होता. तो अभ्यासून दिलेला दाखला होता; कारण अल्पसंख्याकांच्या कत्तली थांबविण्याचा हा एक मार्ग आहे, असे त्या काळच्या अनेक विचारवंतांस प्रामाणिकपणे वाटत होते. ज्यांना घर सोडावे लागले, त्यांच्या बाजूने मात्र या कराराकडे क्वचितच पाहिले गेले.

अशा रक्तरंजित पार्श्वभूमीवर अवघ्या आठ वर्षांत जे घडले, ते आश्चर्यकारक म्हटले पाहिजे. ऑक्टोबर १९३० मध्ये वेनिझेलोस अंकाऱ्याला गेले. केमाल यांनी त्यांचा सन्मान केला, आणि ३० तारखेला मैत्री, तटस्थता व लवाद यांसंबंधीचा तह झाला. एकमेकांस आगाऊ सूचना दिल्याखेरीज आरमार वाढवू नये, असेही ठरले. व्यापार व वास्तव्य यांविषयीचा स्वतंत्र करार त्याच वेळी करण्यात आला. पुढच्या वर्षी तुर्कस्तानचे पंतप्रधान इस्मेत इनोनू अथेन्सला आले. १९३४ साली रुमानिया व युगोस्लाव्हिया यांना सोबत घेऊन बाल्कन करार झाला, आणि त्याच वर्षी वेनिझेलोस यांनी शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी आपल्या जुन्या शत्रूचे, म्हणजे केमाल यांचे, नाव सुचविले. पारितोषिक त्यांना लाभले नाही; परंतु त्या सूचनेचे मोल त्याने कमी होत नाही. १९३७ साली थेसालोनिकी नगरपालिकेने अतातुर्कांचे जन्मघर तुर्कस्तानला भेट दिले.

ही मैत्री केवळ भावनेतून जन्मली नव्हती. भूमध्य समुद्रात इटलीचा दबदबा वाढत होता. रोड्ससह बारा बेटे तिच्या हाती होती. दोन्ही देश युद्धाने खंगले होते, आणि दोघांनाही घर सावरण्यास उसंत हवी होती. शिवाय दोन्ही नेत्यांना युद्ध प्रत्यक्ष ठाऊक होते. पराभवाचे स्मरण ठेवूनही पुढे पाहण्याचे धैर्य वेनिझेलोस यांनी दाखविले, विजयाचा उन्माद आवरण्याचा संयम केमाल यांनी दाखविला.

परंतु या सख्याची किंमत कोणी मोजली? निर्वासितांनी मागे टाकलेल्या घरांचा, शेतांचा व दुकानांचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत होता. जून १९३० मधील कराराने तो एका फटक्यात निकालात काढला. सोडून दिलेली मालमत्ता ज्या देशात असेल त्या देशाची झाली, आणि दोन्ही बाजूंचे दावे परस्परांत वळते करण्यात आले. ग्रीक निर्वासितांची मालमत्ता कितीतरी मोठी होती. त्यांच्या दृष्टीने हा सौदा म्हणजे आपल्याच नेत्याने आपल्या हक्कावर सोडलेले पाणी होते. हेच निर्वासित वेनिझेलोस यांच्या पक्षाचा मोठा आधार होते. त्यांच्यातील अनेकांनी पाठ फिरविली, आणि पुढील निवडणुकांत त्या पक्षाचे बळ ओसरले. राज्यांचा हिशेब चुकता झाला, माणसांचा राहून गेला.

करारांना माणसे हलविता आली. माणसांबरोबर जे गेले, ते मात्र अडविता आले नाही. निर्वासितांनी अथेन्सजवळ नेआ स्मिर्नी, म्हणजे नवे स्मर्ना, वसविले. त्यांच्या वस्त्यांत आणि पिरेयस बंदराच्या गुत्त्यांत रेबेतिको हे गाणे बहरले. त्याच्या सुरावटींत ऑटोमन शहरांतील मैफिलींचा ध्वनी स्पष्ट ऐकू येतो. करागोझ हा तुर्कांचा छायाबाहुल्यांचा खेळ करागिओझिस या नावाने ग्रीकांचाच होऊन गेला. गंमत अशी की, १९३४ साली तुर्की नभोवाणीवर परंपरागत तुर्की संगीताला बंदी झाली, कारण ते पुरेसे युरोपीय नव्हते. आणि १९३६ नंतर ग्रीसमध्ये मेटाक्सास यांच्या हुकूमशाहीने ‘आमाने’ गीतांवर गदा आणली, कारण ती फार तुर्की होती. दोन्ही सरकारे एकाच सुराला भ्याली, आणि दोन्हीकडचे लोक तो गुणगुणतच राहिले.

या अंतःस्थ जिव्हाळ्याचा प्रत्यय दुसऱ्या महायुद्धात आला. १९४१ च्या हिवाळ्यात जर्मन अमलाखालील ग्रीसमध्ये भीषण दुष्काळ पडला. तेव्हा तटस्थ तुर्कस्तानातून ‘कुर्तुलुश’ नावाचे जुने मालवाहू जहाज धान्य व इतर अन्नसामग्री घेऊन पिरेयसला जाऊ लागले. कुर्तुलुश म्हणजे मुक्ती. ग्रीकांविरुद्धच्या युद्धालाही तुर्क लोक मुक्तियुद्ध म्हणतात. तेच नाव आता भुकेल्या ग्रीकांसाठी भाकरीचे नाव झाले. जानेवारी १९४२ मध्ये पाचव्या खेपेस ते जहाज मार्मारा समुद्रात बुडाले. तरी मदत थांबली नाही, दुसरे जहाज पाठविण्यात आले.

दुर्दैवाने सायप्रसच्या प्रश्नाने हे सारे झाकोळून टाकले. सप्टेंबर १९५५ मध्ये थेसालोनिकीच्या तुर्की वकिलातीच्या आवारात स्फोट झाला. अतातुर्कांच्या जन्मघराचे नुकसान किरकोळ होते; परंतु वार्ता भडक होऊन इस्तंबूलमध्ये पसरली, आणि ६ व ७ सप्टेंबरला जमावांनी तेथील ग्रीकांची दुकाने, घरे, चर्चे व दफनभूमी यांची धूळधाण केली. या उद्रेकाला सत्ताधाऱ्यांची फूस होती, हा आरोप पुढे खटल्याच्या रूपाने न्यायासनासमोर आला. मैत्रीची खूण म्हणून दिलेले घर असे वैराचे निमित्त झाले. १९६४ साली तुर्कस्तानने १९३० चा वास्तव्यविषयक करार रद्द केला, आणि ग्रीक नागरिकत्व असलेल्या हजारो लोकांना इस्तंबूल सोडावे लागले. १९२३ मध्ये मुद्दाम वगळलेला तो समाज आज काही हजारांवर आला आहे. १९७४ मध्ये सायप्रसमध्ये ग्रीक लष्करशहांच्या चिथावणीने बंड झाले, तुर्की फौजा उतरल्या, आणि ते बेट दुभंगले. जानेवारी १९९६ मध्ये तर एका ओसाड खडकावरून दोन्ही आरमारे समोरासमोर ठाकली.

पुढचे वळण निसर्गाने दिले. १७ ऑगस्ट १९९९ रोजी तुर्कस्तानात इझ्मितजवळ झालेल्या भूकंपात सतरा हजारांहून अधिक माणसे दगावली. ग्रीक बचावपथके तातडीने धावली. तीन आठवड्यांनी अथेन्स हादरले, तेव्हा तुर्की पथके तेथील ढिगारे उपसू लागली. इस्माईल जेम व जॉर्ज पापान्द्रेऊ या परराष्ट्रमंत्र्यांनी आधीच बोलणी सुरू केली होती. आता त्या बोलण्यांना लोकांचे पाठबळ लाभले. त्याच डिसेंबरात युरोपीय संघाने तुर्कस्तानला उमेदवार राष्ट्र मानले, आणि ग्रीसने आडकाठी केली नाही. फेब्रुवारी २०२३ मधील भूकंपातही ग्रीक पथके पुन्हा गेली. त्याच वर्षी डिसेंबरात अथेन्स येथे मैत्रीचे नवे जाहीरनामे झाले.

एजियन समुद्राच्या हद्दीचा आणि सायप्रसचा वाद अद्याप मिटलेला नाही. म्हणून १९३० आणि १९९९ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. पहिल्या वेळी मुत्सद्द्यांची दृष्टी थोर होती. परंतु ज्यांनी झळ सोसली, त्यांना त्या सख्यात वाटा नव्हता, आणि सरकारांचे मन फिरताच तह कागदावर राहिला. दुसऱ्या वेळी लोकांनी हात पुढे केला आणि मुत्सद्द्यांनी तो धरला. शेजार निवडता येत नाही. तो निभवावा लागतो, आणि तो निभावण्याचे काम एकट्या दरबाराचे नसते. थेसालोनिकीचे ते घर आज संग्रहालय आहे, आणि त्याच्या अंगणात लोक दोन्ही तीरांवरून येतात.