चुंबकाची शक्ती कालांतराने क्षीण होते का?

स्थायी चुंबक नावाप्रमाणे सर्वार्थाने स्थायी नसतो. मात्र केवळ काळ लोटल्याने त्याच्या बळात होणारी घट फारच अल्प असते. ते बळ खऱ्या अर्थाने हिरावून घेतात ते उष्णता, आघात, विरुद्ध दिशेचे चुंबकीय क्षेत्र आणि गंज हे चार शत्रू.

चुंबकात ‘डोमेन’ नावाचे अतिसूक्ष्म विभाग असतात. ते बहुतांशी एकाच दिशेने रोखलेले असेपर्यंत आकर्षण टिकते. धक्क्याने वा उष्णतेने त्यांची दिशा विस्कटते. ‘क्यूरी तापमान’ ओलांडल्यावर चुंबकत्व पूर्णतः लोपते. लोखंडासाठी ही मर्यादा सुमारे ७७० अंश सेल्सिअस आहे. सर्वसाधारण प्रतीचा निओडिमियम चुंबक मात्र ८० अंशांच्या पुढे तापल्यासच दुबळा होऊ लागतो.

जुन्या काळचे पोलादी चुंबक आजच्यापेक्षा लवकर दुबळे होत. भूचुंबकीय वेधशाळांसाठी ही मोठीच अडचण होती. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार हे स्पष्ट झाल्यावर हे काम अलिबागला हलविण्यात आले. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली उभारलेल्या तेथील वेधशाळेत १९०४ पासून नोंदी सुरू झाल्या. इमारतीच्या बांधकामातही लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले.

टांगलेल्या चुंबकाची दोलने मंदावली, तर क्षीण कोण झाले, चुंबक की पृथ्वीचे क्षेत्र, हा प्रश्न उरतोच. जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८३२ मध्ये त्यावर तोड काढली. चुंबकाचा दोलनकाल मोजायचा, मग त्याच चुंबकामुळे दुसरी सूची किती वळते ते पाहायचे. या दोन मापनांतून चुंबकाचे बळ आणि पृथ्वीचे क्षेत्र वेगवेगळे काढता येते. म्हणजेच चुंबकाच्या स्थैर्यावर विसंबून न राहता त्याचे बळ वेळोवेळी मोजले जाई. अशा काटेकोर नोंदींमुळेच पृथ्वीचे मुख्य चुंबकीय क्षेत्र १८४० च्या सुमारापासून जवळपास ९ टक्क्यांनी घटल्याचे आज खात्रीने सांगता येते. अलिबागची वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे.

घरगुती वापरातील फेराइट चुंबक, उदाहरणार्थ स्पीकरमधील, नीट सांभाळल्यास कित्येक दशके टिकतात आणि ते गंजतही नाहीत. निओडिमियम चुंबकावरील निकेलचा मुलामा निघाल्यास मात्र किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत तो गंजून भुगा होऊ लागतो. विस्कटलेले चुंबकत्व यंत्राने पुन्हा भरता येते. गंजलेला भाग परत मिळत नाही. म्हणून असे चुंबक कोरड्या जागी, उष्णतेपासून दूर ठेवावेत. शाळेतील पोलादी पट्टीचुंबकांच्या जोडीत विजातीय ध्रुव शेजारी येऊ द्यावेत आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे लावावेत.