पन्नास मैलांची फट

भा. रा. भागवतांमुळे ज्यूल व्हर्न मराठी वाचकाला बालपणीच भेटतो. ऊर्जानगरात, कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या सान्निध्यात, आम्ही त्याची ऐंशी दिवसांच्या जगप्रदक्षिणेची कादंबरी पुन्हा वाचली. कोळसा संपत आल्यावर फिलिअस फॉग जहाजाचे लाकूडच भट्टीत घालतो, हे आम्हांला सहज पटले. खटकला तो त्याचा भारतातील प्रवास.

कादंबरी १८७२ च्या अखेरीस पॅरिसच्या 'ल ताँ' दैनिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत मुंबईहून निघालेली गाडी नाशिक, खानदेश, बऱ्हाणपूर मागे टाकून कोल्बी नावाच्या खेड्यापाशी थांबते. तेथून अलाहाबादपर्यंत सुमारे ५० मैल रूळच नाहीत! मग हत्ती येतो, अरण्य येते, चितेवर चढवली जाणारी औदा येते आणि तिची सुटका होते.

इतिहास वेगळा आहे. ७ मार्च १८७० रोजी जबलपूर येथे दोन्ही बाजूंचे लोहमार्ग जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता मार्ग अखंड झाला. फॉग निघण्यापूर्वीच फट बुजली होती. व्हर्नने ती जाणूनबुजून ठेवली की अनवधानाने, हा प्रश्न आमच्या मते गौण आहे. कथानकाला तिची गरज होती, हे महत्त्वाचे. गाडीच्या खिडकीतून माणसे दिसत नाहीत; रूळ तुटल्यावर ती दिसतात, पण रानटी म्हणूनच.

वनप्रदेशातील आमच्या विद्यार्थ्यांनी ही कादंबरी अवश्य वाचावी. तिचा वेग त्यांना खिळवून ठेवील. मात्र अरण्य सुरू होताच माणुसकी कोणाच्या वाट्याला दिली आहे, एवढे त्यांनी थांबून पाहावे.