गोंडांना कथा सांगायला आले, गोंडांची कथा टिपून गेले : स्टीफन हिस्लॉप

१/ नागपुरात शिकलेल्या, किंवा चंद्रपूर-गडचिरोलीहून शिक्षणासाठी नागपूर गाठलेल्या बहुतेकांना ‘हिस्लॉप कॉलेज’ हे नाव ठाऊक असते. पण हे हिस्लॉप कोण, असे विचारले तर ‘कोणीतरी इंग्रज’ एवढेच उत्तर मिळते. आजचा थ्रेड या स्कॉटिश मिशनऱ्याविषयी आहे आणि तितकाच त्यांनी ऐकलेल्या एका गोंडी कथेविषयी.

२/ स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. त्यांच्या तरुणपणी, १८४३ साली, स्कॉटलंडचे चर्च दुभंगले. चर्चच्या कारभारात जमीनदारांचा व सरकारचा हस्तक्षेप नको, या आग्रहापायी साडेचारशेहून अधिक धर्मगुरू पगार आणि राहती घरे सोडून बाहेर पडले. त्यांनी स्थापन केलेले चर्च म्हणजे ‘फ्री चर्च’.

३/ ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. श्रद्धेसाठी घरदार सोडणारी माणसे या पिढीने प्रत्यक्ष पाहिली होती. हिस्लॉप याच फ्री चर्चचे मिशनरी झाले. पत्नी इरॅस्मा यांच्यासह १८४४ च्या अखेरीस ते मुंबईस उतरले आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपूर-कामठी भागात पोहोचले. तेव्हा त्यांचे वय होते २७.

४/ नागपूरच का? मद्रास सैन्यातील विल्यम हिल या अधिकाऱ्याने गोंड लोकांमध्ये धर्मकार्य व्हावे म्हणून देणगी देऊ केली होती. गोंडांमध्ये मिशन उभारण्याचा एक प्रयत्न त्यापूर्वीच फसला होता. नर्मदेच्या उगमाजवळ करंजिया येथे जर्मन मिशनऱ्यांची एक तुकडी आली होती. अल्पावधीतच पटकीने त्यांतील चौघांचा बळी घेतला. वाचलेल्यांपैकी काही पुढे हिस्लॉप यांच्या मिशनात आले.

५/ म्हणजे हे मिशन कल्पनेत होते जंगलातील गोंडांसाठी. उभे राहिले ते मात्र नागपूर शहरात आणि कामठीच्या छावणीत. कारण व्यवहाराचे होते. शहरात वस्ती होती, विद्यार्थी होते, लष्कराचा आधार होता. १८४६ मध्ये नागपुरात मिशनची शाळा सुरू झाली. त्या वेळी गादीवर तिसरे रघूजी भोसले होते.

६/ या जीवनाचा दिनक्रम फारसा अद्‍भुत नव्हता. मराठी शिकायची, शाळेत शिकवायचे, बाजारात उभे राहून प्रवचन द्यायचे, लोकांचे प्रश्न आणि कधी उपहास ऐकून घ्यायचा. पाऊस सरला, वाटा सुकल्या की थंडीत गावोगावी दौरे. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले. तेही १८५५ मध्ये प्रकृतीच्या कारणाने मायदेशी परतले. धर्मांतरितांची संख्या थोडीच राहिली.

७/ या दौऱ्यांतून हिस्लॉप यांची दुसरी ओळख घडली, ती भूवैज्ञानिकाची. १८५१ मध्ये नागपूरच्या परिसरात हिंडताना हंटर आणि त्यांना काळ्या दगडाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे जीवाश्म आढळले. या विषयावरील दोघांचा शोधनिबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने प्रसिद्ध केला. श्रद्धाळू माणूस आणि कोट्यवधी वर्षांचे खडक, यांत त्या काळच्या अनेक स्कॉटिश विद्वानांना विरोध दिसत नव्हता. सृष्टी वाचणे हीदेखील त्यांच्या दृष्टीने ईश्वराची ओळखच होती.

८/ चंद्रपूरकरांनो, आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथील जीवाश्मांची नोंद हिस्लॉप यांनी १८६० च्या सुमारास केली. सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी असलेल्या कोटा येथील जीवाश्म माशांचीही त्यांनी चर्चा केली. याच पिसदुऱ्यातील डायनोसॉरच्या विष्ठेच्या जीवाश्मांत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि डायनोसॉरच्या काळात गवत होते, हे सिद्ध झाले.

९/ पण थ्रेडचा मुख्य विषय खडक नव्हे, माणसे. ज्या गोंडांसाठी मिशन कल्पिले होते, त्यांना हिस्लॉप विसरले नाहीत. त्यांनी शब्दसंग्रह केले, चालीरीती टिपल्या, समाजाच्या शाखांची यादी केली. गोंड स्वतःला ‘कोईतोर’ म्हणवतात, याची नोंद घेतली. त्यांच्या यादीत गोंडांच्या ‘साडेबारा’ शाखा आहेत. राजगोंड, कोलाम, माडिया ही आज चंद्रपूर-गडचिरोलीत रोज कानी पडणारी नावे त्या नोंदींत भेटतात.

१०/ या साऱ्यात सर्वांत मोलाची नोंद म्हणजे लिंगोची कथा. गोंडांचे परंपरागत गायक परधान ही कथा गातात. हिस्लॉप यांनी ती एका परधानाच्या तोंडून टिपवून घेतली. गोंड गुहेत कोंडले जातात. त्यांच्या सुटकेसाठी लिंगो निघतो, महासर्पाला मारून बिंदो पक्ष्याची पिले वाचवतो, अखेर गोंडांना मुक्त करतो आणि त्यांना कुळे, देव व रीतिरिवाज देतो. काचीकोपा लोहागड हे स्थलनामही या कथेत येते.

११/ क्षणभर हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. हा माणूस हजारो मैल ओलांडून आला होता तो एका तारणहाराची कथा सांगायला. समोरचा परधान त्याला दुसऱ्याच तारणहाराची कथा सांगत होता. हिस्लॉप यांनी आपली श्रद्धा सोडली नाही. गोंडांनी ख्रिस्ती व्हावे, ही त्यांची इच्छा शेवटपर्यंत होती. तरीही त्यांनी ती कथा खोडून काढली नाही. तिचे मूळ गोंडी शब्द जपले.

१२/ इथे एक सावधगिरी हवी. हे ऐकणे कोणत्या काळात घडत होते? तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. चांद्याचा मुलूखही त्याबरोबर इंग्रजांकडे गेला. १८५८ मध्ये तेथील गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी शस्त्र उचलले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

१३/ म्हणजे एकीकडे गोंडांची कथा कागदावर उतरत होती आणि दुसरीकडे गोंड जमीनदार फासावर जात होता. हिस्लॉप यांचा त्या फाशीशी संबंध नव्हता. पण ज्या राजवटीच्या छत्राखाली ते निर्धास्त दौरे करत, तीच ही राजवट होती. नव्याने ताब्यात आलेल्या प्रजेची माहिती तिलाही हवीच होती. मिशनऱ्यांच्या नोंदी वाचताना या दोन्ही गोष्टी एकत्र धरून वाचाव्या लागतात.

१४/ ४ सप्टेंबर १८६३. नव्या मध्य प्रांताचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल यांचा मुक्काम बोरी येथे होता. जवळच्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यासाठी हिस्लॉप त्यांच्यासोबत गेले होते. परतताना ते मागे राहिले. वाटेतील ओढ्याला पूर आला होता. घोडा परतला, स्वार आला नाही. शोध घेतला तेव्हा हिस्लॉप यांचा मृतदेह सापडला. ४६ वा वाढदिवस चार दिवसांवर होता.

१५/ गोंडांवरील हस्तलिखिते तशीच राहिली होती. टेंपल यांनी ती संपादित करून १८६६ मध्ये नागपुरात प्रसिद्ध केली. लिंगोची कथा त्यात रोमन लिपीतील गोंडी आणि शब्दशः इंग्रजी भाषांतर अशा रूपात आली. १८७१ मध्ये जेम्स फॉर्सिथ यांनी मध्य भारतावरील आपल्या पुस्तकात तिचे इंग्रजी पद्य रूपांतर दिले. मिशनऱ्याचे नाव पुढे महाविद्यालयाला (१८८३) मिळाले. कथा गाणाऱ्या परधानाचे नाव मात्र कोणाच्या ओठी नाही.

१६/ ऐकणे आणि सांगणे यांतील हा पेच पुढच्या शतकातही मिटला नाही. जानेवारी १९३२ मध्ये २९ वर्षांचे इंग्रज धर्मगुरू व्हेरिअर एल्विन आपले मराठी मित्र शामराव हिवाळे यांच्यासह गोंडांमध्ये राहण्यास गेले. गाव कोणते? तेच करंजिया, जिथे ते जर्मन तरुण मरण पावले होते.

१७/ नागपूरचे तत्कालीन बिशप अ‍ॅलेक्स वुड यांनी एल्विन यांना धर्मकार्याचा परवाना नाकारला. वुड यांना आदिवासी मुलूख अपरिचित नव्हता. चांद्याच्या स्कॉटिश एपिस्कोपल मिशनात त्यांनी अनेक वर्षे काढली होती. एल्विन यांना गोंडांचे धर्मांतर करायचे नव्हते, हा मतभेद मोठा होता. १९३५ मध्ये एल्विन चर्चमधून बाहेर पडले आणि पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. हिस्लॉप यांनी श्रद्धा आणि कुतूहल एकत्र सांभाळले. एल्विन यांना त्यांतले एक निवडावे लागले.

१८/ आज गोंड समाज स्वतःच लिंगोचा शोध घेत आहे. डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांच्यासारख्या अभ्यासकांनी पारी कुपार लिंगो आणि कोया पुनेम यांवर विपुल लिहिले. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहांकडे दरवर्षी मोठ्या संख्येने भाविक जातात. परधानाची कथा मिशनऱ्याच्या कागदावर येताना तिच्यात काय गळले आणि बाहेरचे काय मिसळले, हा प्रश्न आता कथेचे वारस विचारत आहेत. तो विचारण्याचा पहिला अधिकारही त्यांचाच.

१९/ मग हिस्लॉप यांना कसे स्मरावे? केवळ ‘धर्मांतर करणारा गोरा’ म्हटले, तर त्यांनी जपलेल्या गोंडी शब्दांवर अन्याय होतो. केवळ ‘थोर संशोधक’ म्हटले, तर त्या निनावी परधानावर आणि बाबूरावांच्या काळावर अन्याय होतो. ज्यांना बदलायला ते आले होते, त्यांचे बोलणे त्यांनी लक्षपूर्वक ऐकले. मला वाटते, आपण स्मरावे ते हे ऐकणे. त्याच्या मर्यादा ठाऊक असूनही.

२०/ शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या घरी किंवा गावात अजून परधान किंगरीवर लिंगोची कथा गात असतील, तर ती त्यांच्या अनुमतीने ध्वनिमुद्रित करून ठेवा. आणि त्या नोंदीत सर्वांत आधी लिहा गाणाऱ्याचे नाव.

(समाप्त)