बावीस श्रुतींची पेटी

पेटीवर दोन आरोप जुनेच. एक, पट्टी दाबली की ठरलेला सूर. दोन सुरांमधून मींड घेत जायची सोय नाही. दुसरा, तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा जरासा चढा. हेडफोन लावून ऐकलंत तर तुम्हालाही कळेल.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी दुसरा आरोप मनावर घेतला. १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. न्यायाधीश क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ लाभली आणि लंडनहून खास श्रुतींची पेटी बनवून आणली गेली. १९१६च्या बडोदा परिषदेत तिच्यावरून वाद झाला. भातखंड्यांना हा हिशेब मान्य नव्हता.

मला विचाराल तर पेटीत खोट नव्हती. अडचण दरबारीच्या गंधाराची होती: तो एका जागी थांबतच नाही, झुलतो. त्याला बावीस काय, चाळीस पट्ट्या दिल्या तरी अपुऱ्याच.

पुढे १९४० मध्ये रेडिओनं पेटीला दार बंद केलं, ते थेट १९७१ साली किलकिलं झालं. तेवढ्या काळात कीर्तनातून, नाटकातून ती कुठे गेली नाही. वादकांनी साधीच पेटी ठेवली आणि गरजेपुरती बदलली. गायक ‘काळी चार’ म्हणाला की स्केलचेंजर पेटीच्या पट्ट्यांचा सांगाडाच सरकवायचा. गंधार टोचत असेल, तर ती पितळी जीभ मुळाशी हलकेच घासायची, सूर उतरतो. टोकाला घासली तर चढतो. एखादा जादा घासा बसला, की पुन्हा दुसऱ्या टोकापासून सुरुवात.