फीलखान्यापासून छोट्या हत्तीपर्यंत

बेगम बाजारात लग्नाची भांडी घ्यायला गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी फीलखान्याची गल्ली पाहिलेली आहे. आज तिथे स्टीलचे डबे, प्लास्टिकच्या बादल्या आणि माणसांची गर्दी एवढंच दिसतं. पण फील म्हणजे हत्ती. आपल्या मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांतही हत्तींचा एक कारखाना होता, त्याला पीलखाना म्हणत. म्हणजे जिथे आज दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की वाट अडते, तिथे एके काळी हत्ती बांधले जात.

या बाजाराच्या आसपासची नावं जरा कान देऊन ऐकली तर सगळी वाहतुकीचीच निघतात. पुराना पुलाच्या पलीकडे कारवान, म्हणजे व्यापाऱ्यांचे तांडे उतरण्याची जागा. इकडे उस्मानगंज, धान्य आणि गुळाची पेठ. श्रीमंतांच्या बंगल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बंजारा हिल्सचं नावही तिथे वस्ती करून असलेल्या बंजाऱ्यांवरून पडलं. दख्खनच्या फौजांना धान्य आणि मीठ पुरवलं ते याच लोकांच्या पाठाळ बैलांनी. बेगम बाजाराची जागा दुसरे असफजाह निजाम अली खान यांच्या पत्नी हमदा बेगम यांनी व्यापाऱ्यांना दिली, असं सांगतात. जागा बेगमेने दिली हे खरं, पण बाजार उभा राहिला तो माल आणणाऱ्यांच्या पाठीवर. माल आणणारा आणि त्याची गाडी यांचं नाव मात्र इतिहासात कुठे येत नाही. हा लेख त्यांच्याविषयी आहे.

हत्ती-बैलांची गोष्ट निघाली की मला परांड्याची आठवण होते. आपल्यापैकी कितीतरी घराणी धाराशिव, बीड, नांदेड, परभणीकडची, म्हणजे जुन्या निजाम राज्यातलीच. परांड्याचा किल्लाही त्याच मुलखातला. 1549 साली अहमदनगरात मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ओतलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ या किल्ल्यात होती. वजन सुमारे 55 टन. 1632 साली ती परांड्याहून विजापूरला नेली. त्या कामाला 10 हत्ती, 400 बैल आणि शेकडो माणसं लागली, असं सांगितलं जातं.

माझं शिक्षण डिप्लोमाचं आणि नोकरी सरकारी रस्त्यांच्या खात्यातली, त्यामुळे असा आकडा दिसला की हात आपोआप गणिताकडे वळतो. हत्ती बाजूला ठेवले तरी 55 टन भागिले 400 बैल म्हणजे एका बैलाच्या वाट्याला 140 किलोसुद्धा येत नाहीत. नांगर ओढणाऱ्या बैलाला हे काही विशेष नाही. अवघड होतं ते 400 बैलांनी एकाच क्षणी ओढणं, उतारावर तोफ मागून बैलांच्या अंगावर येऊ न देणं आणि पावसाळी ओढ्यात चाकं रुतल्यावर ती वर काढणं. बैल तेच, शेतात राबणारे. जे वेगळं होतं ते माणसांच्या डोक्यात होतं. पुढे 1854 साली इंग्रजांनी ही तोफ लिलावात काढली, तेव्हा सर्वांत मोठी बोली 150 रुपयांची आली आणि लिलाव रद्द झाला. मला वाटतं, घेणाऱ्यांनी धातूची किंमत केली नसावी. ती उचलून न्यायची कशी, याची केली असावी.

बैलगाडी आणि हातगाडी या दोन्हींचं शास्त्र एकच आहे आणि ते वाटतं तितकं साधं नाही. दोन चाकांच्या गाडीत सगळा भार एका आसावर तोललेला असतो. माल मागे जास्त झाला की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेला फास बसतो. आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत गाडी उलाळ होते. पुढे जास्त झाला तर बैलांची मान मोडते. म्हणून भार आसाच्या किंचित पुढे ठेवायचा, किती ते मोजपट्टीने नाही, तर दांडी उचलून हाताला कळतं तेवढं. बेगम बाजारातला हमाल आजही हेच करतो. दांडी हलकेच उचलतो, परत खाली ठेवतो, वरची दोन पोती पुढे सरकवतो, पुन्हा उचलतो. मग चालू लागतो. सपाट रस्त्यावर त्याला वजन उचलावं लागत नाही, फक्त ढकलावं लागतं. चढ आला की स्वतःच्या अंगाचा भार दांडीवर टाकतो.

इथे एक शब्द सांगून टाकतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आमच्या बोलण्याला हसतात, कारण त्यांची बंडी अंगात घालायची आणि हैदराबादची बंडी ओढायची! तेलुगूत बंडी म्हणजे गाडी, दखनीतही तेच, आणि विदर्भातले आपले लोकही बैलगाडीला बंडीच म्हणतात. तेव्हा यात हसण्यासारखं काही नाही.

वाडी ते सिकंदराबाद रेल्वे 1874 साली सुरू झाली. 1900 च्या आसपास मनमाडहून मराठवाड्यातून येणारा मार्ग झाला, त्याच गाडीने आपले पणजोबा-आजोबा औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडहून इकडे आले. 1907 मध्ये नामपल्लीचं स्टेशन झालं आणि बेगम बाजाराला रेल्वे हाकेच्या अंतरावर मिळाली. रेल्वेने दूरचा प्रवास सोपा केला, पण स्टेशनापासून दुकानापर्यंतचा मैल-दीड मैल बंडीवाल्याकडेच राहिला. 1932 साली निजाम स्टेट रेल्वेने 27 बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. सरकारने चालवलेली अशी बससेवा देशात पहिलीच. बस माणसांसाठी होती, पण टप मालासाठी. लग्नाच्या खरेदीला आलेलं तालुक्याचं कुटुंब परत जाताना पितळी हंडे, लोखंडी पेटी, कधी पलंगसुद्धा टपावर चढवत असे.

भरलेल्या पण न हललेल्या गाड्यांचीही एक कथा या शहरात सांगतात. सातव्या निजामाच्या किंग कोठीच्या आवारात सोन्याच्या विटांनी भरलेल्या लॉऱ्या उभ्या होत्या आणि वजनाने त्यांची चाकं जमिनीत रुतली, असं म्हणतात. खरं-खोटं निजामाला ठाऊक.

स्वातंत्र्यानंतर बैल हळूहळू गेले. त्यांच्या जागी सायकलला जोडलेला ठेला आला, तीन चाकी ट्रॉली आली, मग डीसीएम. हैदराबादेत मध्यम आकाराच्या कुठल्याही ट्रकला डीसीएम म्हणतात, मग तो आयशर असो की स्वराज माझदा. 1980 च्या दशकात डीसीएम टोयोटा नावाची कंपनी असे ट्रक बनवत असे. कंपनीचं नाव कधीच बदललं, ते ट्रकही गेले, पण आपण अजून डीसीएमच भाड्याने आणतो. 2005 साली टाटांची एस आली आणि तिचं नाव लोकांनी परस्पर ठेवलं, छोटा हत्ती. फीलखान्यात अशा रीतीने हत्ती परत आला, आता चार चाकांवर. त्याच्या पाठीवर काय काय असतं ते पाहायला एखादी दुपार बाजारात काढावी. एकात एक घातलेल्या बादल्यांचे दोन मजली मनोरे, मागे दहा फूट बाहेर आलेले बांबू, लग्नमंडपाच्या कमानी, हलवायाची अशी कढई की जिच्यात एक लहान मूल बसेल.

आता गणपतीकडे येतो. बेगम बाजाराला लागूनच मंगळहाट आणि धूलपेठ. धूलपेठचे लोध कारागीर मूर्ती घडवतात आणि श्रावणापासून तिथल्या रस्त्यांवर दुतर्फा निळ्या-पिवळ्या ताडपत्र्यांखाली गणपती उभे असतात. आपल्या मराठी घरांचा गणपती लहान. तो पूर्वी सायकल रिक्षात मांडीवर बसून यायचा, आता ऑटोत किंवा कारच्या मागच्या सीटवर. सार्वजनिक मंडळांची गोष्ट वेगळी. तिथे मूर्ती बारा, पंधरा, अठरा फूट, आणि ती नेण्यासाठी वाहन तेच, जे उद्या कांदे किंवा विटा नेणार आहे. ट्रॅक्टर आणि त्याची ट्रॉली.

मूर्ती दिसते त्या मानाने हलकी असते. आत लाकडाचा सांगाडा, वर काथ्या आणि प्लास्टर, मधे पोकळी. म्हणून अडचण वजनाची नसते, तोलाची असते. भार वर, पाया लहान. त्यात ट्रॉलीला स्प्रिंग नसतात, रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट मूर्तीच्या मानेपर्यंत पोचतो. (खड्ड्यांविषयी माझ्या खात्याने काय म्हणायचं ते खातं म्हणेल.) तरी ट्रॅक्टरच का, तर तो माणसाच्या चालीने तासन् तास चालू शकतो, इंजिन गुदमरत नाही. चढवणारी माणसं मूर्तीखाली लोखंडी पाइप घालून ती सरकवतात, दोर हाताला किंवा सोंडेला न बांधता कमरेच्या खाली, आतल्या सांगाड्याला धरून बांधतात, फटींत गवताच्या पेंढ्या भरतात. 1632 च्या तोफवाल्यांनी यांचं काम पाहिलं असतं तर त्यांना ते परकं वाटलं नसतं.

एक गोष्ट मात्र त्या तोफवाल्यांना ठाऊक नव्हती. वरून जाणारी तार.

आपल्याकडे मोठा गणपती म्हटलं की खैरताबाद. 1954 साली शंकरय्या यांनी एक फुटाच्या मूर्तीने तो सुरू केला, दरवर्षी एकेक फूट वाढवत 2014 मध्ये 60 फुटांपर्यंत नेला. 2024 मध्ये तो 70 फूट होता. एवढी मूर्ती कित्येक तासांच्या मिरवणुकीत हुसेन सागरच्या चार नंबरच्या क्रेनपर्यंत सुखरूप पोचते हे पाहून लोक हात जोडतात. मीही जोडतो, पण मला त्यामागची तयारीही दिसते. ट्रेलर ठरलेला, मार्ग ठरलेला, वीज, पोलीस आणि रस्ते खात्याची माणसं आधी मार्ग पाहून आलेली. एवढी तयारी असूनही चूक होऊ शकते, हे याच तलावाने दाखवलं आहे. रायगिरीहून 192 चाकांच्या गाडीवर आणलेली सुमारे 350 टनांची बुद्धमूर्ती रस्त्याने नीट आली, पण 10 मार्च 1990 रोजी तराफ्यावरून पाण्यात गेली आणि माणसंही गेली. ती तळातून काढून 1 डिसेंबर 1992 रोजी उभी केली.

तरीही माझ्या मते खरा धोका 70 फुटांच्या गणपतीला नाही. तो 16 फुटांच्या गणपतीला आहे. गल्लीतल्या मंडळाचा, ज्याच्यासाठी कुठलाही अधिकारी आधी येऊन मार्ग पाहत नाही.

हिशेब साधा आहे. विजेच्या नियमांनुसार रस्ता ओलांडणारी घरगुती विजेची तार जमिनीपासून कमीत कमी 5.8 मीटर, म्हणजे 19 फूट उंच हवी. 11 केव्हीची तार 6.1 मीटर, म्हणजे 20 फूट. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून साडेतीन फूट. त्यावर फळ्यांचा चौथरा अर्धा फूट. त्यावर 16 फुटांची मूर्ती ठेवली की मुकुटाचं टोक 20 फुटांवर जातं. म्हणजे नियमाप्रमाणे सगळं ठीक असतानाही मूर्ती तारेला टेकलेली. आणि उन्हाने व जुनेपणाने झोळ आलेल्या तारा, त्यांच्यावर लटकलेल्या केबलच्या वेटोळ्या, मधल्या काळात रस्त्यावर चढलेले डांबराचे थर, हे सगळं वेगळंच. मुकुटाला लोखंडी सळी असेल आणि त्यावर रोषणाई असेल तर मग काही बोलायलाच नको.

यावर आपल्या पोरांचा उपाय म्हणजे बांबू. एक मुलगा मूर्तीच्या खांद्याशी उभा राहतो आणि दुभंगलेल्या बांबूने तार वर उचलतो. कोरड्या बांबूने घरगुती तार उचलून वर्षानुवर्षं निभावलं आहे, म्हणून तो 11 केव्हीलाही तेच करायला जातो. पण भाद्रपदात कोरडा बांबू कुठला? पावसाने भिजलेला बांबू वीज वाहून नेतो. उच्च दाबाच्या तारेला तर प्रत्यक्ष स्पर्शही लागत नाही, जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते.

2025 च्या ऑगस्टमध्ये रामंतापूरला गोकुळाष्टमीच्या शोभायात्रेत रथ ओढणारी गाडी बंद पडली. पोरांनी रथ हातांनी ओढायला घेतला. तो विजेच्या तारेला लागला आणि पाच जण जागच्या जागी गेले. त्याच आठवड्यात बंडलागुड्याला गणपतीची मूर्ती नेताना दोघे गेले. रथ मोठा नव्हता, मूर्तीही खैरताबादची नव्हती. दोन्हीकडे रात्र होती आणि माणसं ओढण्यात गुंतली होती, वर कोणी पाहत नव्हतं.

हमालाच्या हाताला दांडी उचलताच वजन कळतं, कारण त्याच्या बापालाही ते कळत होतं. उंचीचं तसं नाही. उंची हाताला कळत नाही, ती मोजावी लागते, आणि दिवसा मोजावी लागते. त्यामुळे धूलपेठला मूर्ती सांगायला जाणाऱ्या आपल्या ओळखीच्या मंडळांना माझं एवढंच सांगणं असतं, की मूर्ती ठरवायच्या आधी एका दुपारी त्याच वाटेने, त्याच ट्रॉलीवर, सरळ उभा बांधलेला हलका प्लास्टिकचा पाइप घेऊन वाटेतल्या सगळ्यांत खालच्या तारेच्या चार फूट अलीकडे थांबा, लाइनमनला बोलवा आणि तारेची उंची त्याच्याकडून लिहून घ्या. त्यातून ट्रॉलीचे चार फूट आणि सुटीचे चार फूट वजा करा. जे उरेल तो तुमचा गणपती. बहुतेक गल्ल्यांत तो अकरा-बारा फुटांचा निघतो.