पाणी तापले आणि शैवाल बाहेर पडले

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्यावर पोर्ट डग्लस गावासमोर लो आयल्स ही दोन चिमुकली बेटे आहेत. १९२८ च्या जुलैमध्ये तिथे एका ब्रिटिश मोहिमेने मुक्काम ठोकला. प्रमुख होते मॉरिस यंग, वय अवघे अठ्ठावीस. पत्नी मॅटी मोहिमेच्या डॉक्टर. शीना मार्शल, सिडनी मॅन्टन यांच्यासारख्या स्त्री-संशोधक पुरुषांच्या बरोबरीने प्रवाळभित्तीवर उतरत होत्या, आणि त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. या मंडळींनी वर्षभर ग्रेट बॅरियर रीफचा एक तुकडा अक्षरशः हात हात मोजून काढला.

१९२९ च्या सुरुवातीला, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, ओहोटीच्या वेळी भित्तीच्या सपाटीवर साचलेले पाणी फार तापले. काही प्रवाळ मेले. काही जिवंत राहिले, पण रंग गमावून पांढरेफटक पडले. यंग आणि त्यांचे सहकारी ऑब्री निकोल्स यांनी त्या प्रवाळांचे ऊतक तपासले, प्रयोगशाळेतही प्रवाळांना गरम पाण्यात ठेवून पाहिले. प्रवाळाच्या पेशींत राहणारे सोनेरी-तपकिरी एकपेशीय शैवाल बाहेर टाकले जात होते. १९३१ मध्ये हे सविस्तर छापून आले. आज ज्याला प्रवाळांचे विरंजन म्हणतात, त्याचे उष्णतेशी असलेले नाते इथे स्पष्ट नोंदले गेले होते.

तरीही कुणी हादरले नाही. कारण यंग यांचा ठाम समज असा होता, की प्रवाळ हा मांसाहारी प्राणी आहे, शुंडकांनी प्लवक पकडून जगणारा. शैवालांचा उपयोग फार तर टाकाऊ द्रव्ये उचलण्यापुरता. त्यांनी प्रवाळ बंद अंधाऱ्या पेट्यांत ठेवले होते. ते पांढरे पडले, पण खायला मिळत होते तोवर जगले. मग शैवाल गेले तर बिघडले काय? प्रयोग चोख होता. निष्कर्ष मात्र तोकडा होता, कारण पेटीतल्या प्रवाळाला माणूस भरवत होता आणि समुद्रात असे भरवणारे कुणी नसते.

प्रवाळ उष्णतेच्या कडेलोटाच्या किती जवळ जगतात, हेही तोवर अज्ञात नव्हते. फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांवर काम करणाऱ्या आल्फ्रेड मेयर यांनी १९१४ मध्येच दाखवले होते, की उष्ण कटिबंधातल्या सागरी प्राण्यांचे नेहमीचे उन्हाळी तापमान आणि त्यांचे मरणाचे तापमान यांत जेमतेम काही अंशांचे अंतर असते. मेयर यांचे अंतर आणि यंग यांचे बाहेर पडलेले शैवाल हे दोन धागे एकत्र यायला अर्धे शतक जावे लागले, याची आज हळहळ वाटते.

मधला दुवा सापडला किरणोत्सारी कार्बनमुळे. १९५८ मध्ये लेनर्ड मस्कटीन आणि कॅडेट हँड यांनी समुद्रफूल या प्रवाळाच्या भाऊबंदावर प्रयोग केला आणि शैवालांनी प्रकाशात बांधलेला कार्बन यजमान प्राण्याच्या ऊतकांत उतरतो, हे दाखवून दिले. पुढे प्रवाळांतही तेच दिसले. त्यांच्या ऊर्जेचा फार मोठा वाटा या शैवालांकडून येतो. म्हणजे पांढरा पडलेला प्रवाळ हा उपाशी प्रवाळ असतो. पाणी वेळेत निवले तर शैवाल परत वाढतात. उष्णता लांबली तर तो मरतो.

१९८२-८३ मध्ये एल निनोने, म्हणजे पॅसिफिकचे पाणी तापवणाऱ्या घडामोडीने, हे प्रयोगशाळेबाहेर, अवाढव्य प्रमाणावर दाखवले. पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर पीटर ग्लिन यांना भित्तीच्या भित्ती पांढऱ्या पडलेल्या आणि मग मेलेल्या आढळल्या. कारणमीमांसाही उलगडत गेली: उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमालीपेक्षा पाणी एखादाच अंश वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले, की शैवालांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात आणि ही भागीदारी मोडते.

या घरात शैवाल एकटे नसतात. प्रवाळाच्या श्लेष्मात, ऊतकांत आणि सांगाड्यात जीवाणूंच्या वसाहती असतात, आणि तापमान त्यांचाही तोल बदलते. इस्रायलमध्ये यूजीन रोझेनबर्ग आणि एरिएल कुशमारो यांनी १९९० च्या दशकात भूमध्य समुद्रातल्या ओक्युलिना पॅटागोनिका या प्रवाळाचा अभ्यास केला. त्यात त्यांना एक व्हिब्रियो जीवाणू सापडला, जो उन्हाळ्याच्या उबदार पाण्यात प्रवाळाला चिकटे, आत शिरे आणि शैवालांचे काम थांबवणारे विष तयार करी. हिवाळ्यात तो प्रवाळात टिकत नसे. एका काटेरी समुद्रकृमीच्या शरीरात तो दिवस काढी. काही वर्षांनी विलक्षण घडले: त्याच जीवाणूची त्याच जातीच्या प्रवाळाला बाधा होईनाशी झाली. प्रवाळ आपल्यासारखी प्रतिपिंडे बनवत नाहीत. त्यामुळे रोझेनबर्ग यांच्या गटाने २००६ मध्ये मांडले, की प्रवाळ स्वतः बदलण्याआधी त्याच्यातली जीवाणूंची वस्ती बदलत असावी. २००८ मध्ये ट्रेसी एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी याच प्रवाळाच्या विरंजनाचे मूळ जीवाणूंत नाही, असे सांगून मूळ दाव्यालाच आव्हान दिले. वाद मिटला नाही, पण प्रवाळाकडे सूक्ष्मजीवांसकट एक एकक म्हणून पाहण्याची सवय त्यातून लागली, आणि ती मोलाची आहे.

दरम्यान उष्णता थांबलेली नव्हती. १९९८ मध्ये जगभर विरंजन झाले. आपल्या लक्षद्वीपच्या भित्तीही त्यातून सुटल्या नाहीत. २०१६ च्या मार्च ते नोव्हेंबर या काळात ग्रेट बॅरियर रीफवरचे उथळ पाण्यातले सुमारे ३० टक्के प्रवाळ गेले. ऑस्ट्रेलियातच मग शैवालांना उष्णतेची सवय लावण्याचे प्रयोग झाले. २०२० मध्ये जाहीर झालेल्या कामात शैवालांचे दहा वाण चार वर्षे ३१ अंशांच्या पाण्यात वाढवले होते. त्यांपैकी तीन वाणांनी प्रवाळाच्या पिल्लांची उष्णता सोसण्याची ताकद वाढवली. टाकीतल्या पिल्लांवरून २,३०० किलोमीटर लांबीच्या भित्तीपर्यंतची मजल अर्थातच फार दूरची आहे.

महाराष्ट्राचा या इतिहासातला भाग छोटा आहे, पण खरा आहे. पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि वाफर यांनी १९७९ मध्ये केली. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. इथले पाणी पावसाळ्यात गढूळ असते, गोड पाण्याचा लोट येतो. प्रवाळांना सोपी जागा मुळीच नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्याच संशोधकांनी उपग्रहांवरून मोजलेल्या तापमानाच्या आधारे २०१४ ते २०१९ या काळात मालवणला पुन्हा पुन्हा झालेले विरंजन अभ्यासले. सिंधुदुर्ग किल्ला पाहायला येणारे हजारो लोक या प्रवाळांच्या शेजारून होडीने जातात. उपग्रह पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान सांगतो. खडकाच्या कपारीत पाणी किती तापले आणि तिथल्या प्रवाळात कुठले शैवाल, कुठले जीवाणू उरले, हे मात्र पाण्यात उतरूनच कळते. ते काम मालवणला दर उन्हाळ्यात, न चुकता व्हायला हवे.